एक्केचाळीसावी ओळ

माझ्या पेनड्राइव्हमध्ये एक फाईल होती. तिच्यावर मी बारा वर्षं शिकवलं. सरासरी कशी काढायची, आलेख कसा काढायचा, आकड्यांतली चूक कशी ओळखायची, हे खानदेशातल्या कितीतरी प्राध्यापकांनी त्या एकाच फाईलवर शिकून घेतलं असेल. ती फाईल मी आता शिकवायला वापरत नाही. का वापरत नाही, ते सांगायचं तर धुळ्याच्या एका कार्यशाळेपासून सांगावं लागेल, आणि त्याआधी थोडं माझ्याबद्दल.

मी जळगावातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. आमच्या विषयाला मुलं कायमच कमी. वर्गात आठ-दहा डोकी दिसली तरी बरं वाटायचं. पण मध्यंतरी सगळ्याच विषयांच्या प्राध्यापकांना पीएच.डी. करणं भाग पडलं आणि आम्हाला एकदम मागणी आली. वाणिज्यचे, मराठीचे, शारीरिक शिक्षणाचे, ग्रंथालयाचे, सगळेच प्रश्नावल्या भरून घ्यायला लागले. भरलेल्या प्रश्नावल्यांचं पुढे काय करायचं, ते मात्र फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. तालुक्याच्या गावी एखादा कॉम्प्युटरवाला असायचा. तो गठ्ठा ठेवून घ्यायचा आणि पंधरा दिवसांनी तक्ते छापून द्यायचा. ते तक्ते जसेच्या तसे प्रबंधात जायचे. तोंडी परीक्षेत कोणी विचारलं की हा आकडा कुठून आला, की उमेदवार रुमाल शोधायला लागायचा.

यावर उपाय म्हणून कार्यशाळा निघाल्या. पाच दिवस, प्रत्येकाला एक कॉम्प्युटर, आणि मोफत मिळणारं सॉफ्टवेअर. पाचोरा, यावल, धुळे, जिथून बोलावणं येईल तिथे मी एसटीने जायची. पिशवीत लॅपटॉप, दोन एक्स्टेन्शन बोर्ड आणि घसा बसला तर म्हणून ज्येष्ठमधाची डबी. माझा एकच नियम होता. शिकणाऱ्याच्या माउसला मी हात लावायचा नाही. माणूस कितीही अडला तरी मी हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि तोंडाने सांगायची. पाचोऱ्याला निवृत्तीला आलेले एक वाणिज्यचे सर होते. एका बोटाने टाइप करता करता त्यांनी दुपारपर्यंत स्वतःचा पहिला आलेख काढला. मग उठून व्हरांड्यात गेले आणि बायकोला फोन लावून आलेख कसा दिसतो त्याचं वर्णन करत बसले. अशा गोष्टींसाठी मला हे काम आवडायचं.

ती फाईल मला आमच्याच विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी दिली होती. त्यांनी पूर्वी साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडे, पिंपळनेरच्या पुढच्या पाड्यांवर एक पाहणी केली होती. पाड्यांवरच्या बायकांचं वय, उंची, वजन, किती मुलं, दिवसातून किती वेळा जेवण, अशी माहिती. नावं काढून टाकलेली, नुसत्या ओळी. एक बाई म्हणजे एक ओळ. सरांचा अहवाल केव्हाच कुठल्याशा कपाटात जाऊन पडला होता. फाईल माझ्याकडे आली, कारण शिकवायला ती फार सोयीची होती. फार मोठी नाही, फार लहान नाही, आणि तिच्यात एक चूक होती.

ती चूक एक्केचाळीसाव्या ओळीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना उंची आणि वजन घेऊन ठिपक्यांचा आलेख काढायला सांगायची. पडद्यावर ठिपक्यांचा एक ढग उमटायचा, आणि खाली, सगळ्यांपासून लांब, एक ठिपका एकटाच. वय चोवीस, उंची चारचौघींसारखी, वजन एकोणतीस किलो. मी विचारायची, हे कोण असावं? कोणीतरी म्हणायचं, लहान मुलगी असेल. मी म्हणायची, वय बघा. मग कोणीतरी म्हणायचं, टायपिंगची चूक. तेच उत्तर मला हवं असायचं. मी म्हणायची, ऑपरेटरचा चहा आला असेल, चाराच्या जागी दोन दाबला गेला, एकोणपन्नासचे एकोणतीस झाले. सगळे हसायचे. मग मी ओळ निवडायला आणि डिलीट दाबायला सांगायची. आलेख पुन्हा काढला की ढगातून जाणारी रेघ जराशी सरळ व्हायची आणि लोकांचे चेहरे खुलायचे. आकड्यांवर आपला ताबा आहे असं माणसाला पहिल्यांदा वाटायचं ते त्या क्षणी. बारा वर्षांत ती ओळ मी किती जणांकडून पुसून घेतली त्याचा हिशेब नाही.

धुळ्याची ती कार्यशाळा डिसेंबरातली. तिथल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, खिडक्यांना निळे पडदे, बाहेर थंडी. तीसेक जण आले होते. शेवटच्या रांगेत एक बाई बसायच्या. वय पस्तिशीच्या आत. पिंपळनेरच्या बाजूच्या एका कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर गृहविज्ञान शिकवायच्या आणि आहारावर पीएच.डी. करत होत्या. रोज पहाटेची पहिली एसटी धरून यायच्या आणि सगळ्यांच्या आधी पोचायच्या. बोलायच्या कमी, पण बोटं चपळ होती. पहिल्या दिवशी मी फाईल वाटली आणि सगळे ती उघडून बघायला लागले, तेव्हा त्यांच्या शेजारून जाताना मला त्या नुसत्या स्क्रीनकडे बघत बसलेल्या दिसल्या. माउस हलत नव्हता. मला वाटलं, कॉम्प्युटर अडकला. मी तसं विचारलंही. त्या नाही म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी एक्केचाळीसावी ओळ आली. मी माझा चहाचा विनोद केला, लोक हसले, डिलीटचे खटके वाजले. मी फेरी मारत शेवटच्या रांगेशी आले तर त्यांच्या पडद्यावर तो ठिपका तसाच. समजलं नाही का, असं मी विचारलं. समजलं म्हणाल्या.

मग काढली का नाही?

"मॅडम, ही ओळ मला काढावीशी वाटत नाही," त्या खाली बघत म्हणाल्या.

इथे मी चुकले. लोकांसमोर शिकवताना अंगात एक जोर येतो, तो आला होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की माहितीशी असं भावनिक व्हायचं नसतं, एका ठिपक्यासाठी सगळ्यांचा आलेख वाकडा करायचा का? वर्ग पुन्हा हसला. त्यांनी मुकाट्याने डिलीट दाबलं. मी समाधानाने पुढे गेले. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण त्याच ओघात मी सगळ्यांना फाईलच्या शेवटी जायला सांगितलं आणि तिथल्या पंधरा ओळी दाखवल्या. एकही रकाना रिकामा नाही, एकही आकडा वेडावाकडा नाही. या कोणी भरल्या मला माहीत नाही, मी म्हणाले, पण माहिती गोळा करावी तर अशी. दुपारी जेवणाच्या पंगतीत, शेवभाजीच्या पातेल्याभोवती गर्दी होती तेव्हा, त्या बाई मला कुठे दिसल्या नाहीत. लक्षात आलं, पण त्यावर मी विचार केला नाही.

तिसऱ्या दिवशी मी लवकर लॅबमध्ये गेले. कॉम्प्युटर एकेक सुरू करून बघायची माझी सवय आहे. दार ढकललं तर त्या आधीच आत. शाल अंगाभोवती, पर्स मांडीवर. मला बघून उभ्या राहिल्या.

"मॅडम, ती फाईल माझी आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, फाईल वापरल्याबद्दल तक्रार आहे. ती आमच्या सरांची आहे, मी त्यांची परवानगी घेतलेली आहे, असं काहीसं मी सांगायला लागले. त्यांनी मान हलवली.

"तसं नाही. ते पाडे मी फिरले होते. एक्केचाळीस नंबरची बाई मी स्वतः मोजली आहे. ती चूक नव्हती."

मी खुर्ची ओढून बसले. त्या उभ्याच होत्या, त्यांनाही मी हाताला धरून बसवलं.

त्यांनी सांगितलं ते असं. तेव्हा त्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होत्या. सरांना पाड्यांवर जाऊन बायकांशी बोलू शकेल अशी कोणी मुलगी हवी होती. यांचं आजोळ त्याच भागातलं, तिथली बोली तोंडात बसलेली, म्हणून यांना घेतलं. एका पिशवीत फॉर्म आणि एका गोणपाटाच्या पिशवीत वजनकाटा, असं घेऊन त्या जिथवर जीप जाईल तिथवर जीपने आणि पुढे पायी जायच्या. घरांतली जमीन शेणाने सारवलेली, वरखाली. काटा नीट बसायचा नाही. म्हणून त्या आधी एक सपाट फरशी किंवा दगड शोधायच्या, त्यावर काटा ठेवायच्या, स्वतः उभ्या राहून आपलं वजन बरोबर येतं का बघायच्या आणि मगच बायकांना उभं करायच्या. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

ती बाई चोवीस वर्षांची होती. काट्यावर उभी राहिली तर एकोणतीस. त्यांना वाटलं काटा बिघडला. त्यांनी बाईला उतरवलं, स्वतः चढल्या, काटा बरोबर. बाईला पुन्हा चढवलं, पुन्हा एकोणतीस. तिसऱ्यांदाही तेच. बाईला या सगळ्याचं हसू येत होतं. बाळंत होऊन काही महिने झाले होते, आणि कसलातरी ताप महिनोन्महिने अंगात मुरला होता, एवढंच तिला सांगता आलं. यांनी फॉर्मवर एकोणतीस लिहिलं आणि बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'तीनदा मोजले'.

"ते 'तीनदा मोजले' कॉम्प्युटरमध्ये चढवायला रकाना नव्हता," त्या म्हणाल्या. "त्यामुळे ते गेलं."

मी त्यांची माफी मागितली. काल सगळ्यांसमोर बोलले त्याचीही मागितली. त्या म्हणाल्या, थांबा मॅडम, अजून आहे. आणि आता त्यांचा आवाज बारीक झाला.

"काल तुम्ही ज्या पंधरा ओळींचं कौतुक केलं ना, त्या खोट्या आहेत. त्या मी बनवल्या."

शेवटचा एक पाडा राहिला होता. सरांनी महिनाअखेर फॉर्म मागितले होते. या तिथे पोचल्या तर घरांना कड्या लावलेल्या, कुत्रीसुद्धा नाहीत. एका ओट्यावर एक म्हातारी बसली होती. म्हणाली, "कोनले मोजशी, बाई? बठ्ठा ऊस तोडाले जायेल शेतस." सगळा पाडा गुजरातेत ऊसतोडीला गेला होता आणि होळीशिवाय परतणार नव्हता. दोन तास चालून आलेल्या त्या अठरा वर्षांच्या मुलीला परत जाऊन सरांना काय सांगावं ते कळेना. आपल्यावर विश्वास टाकून पाठवलंय आणि आपण कोरे फॉर्म घेऊन गेलो, तर पुन्हा कोणी काम देणार नाही, असं तिला वाटलं. ती एका मोहाच्या झाडाखाली बसली आणि तिने पंधरा बायका मनाने भरल्या.

"तिथल्या बायका कशा असतात ते मला माहीत होतं, मॅडम. पण कमी वजन लिहायला हात होईना. मग मी त्यांना जरा बऱ्या केल्या. कोणाला पंचेचाळीस दिलं, कोणाला सत्तेचाळीस. दोन वेळचं जेवण दिलं. एकीला सातवी पास केली."

हे सांगताना त्या रडल्या नाहीत, उलट थोडं हसल्यासारखं केलं. मला मात्र तोंड कुठे लपवावं ते कळेना. खरी ओळ मी बारा वर्षं पुसायला लावत होते, आणि खोट्या ओळींना शाबासकी देत होते. विषय माझा होता. संख्याशास्त्रात मी आयुष्य घालवलं होतं.

मी त्यांना विचारलं की हे आत्ता का सांगितलं, इतकी वर्षं कोणालाच कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या की आता पीएच.डी.साठी त्यांना त्याच पाड्यांवर जाऊन त्याच प्रकारची माहिती घ्यायची आहे. पहिल्या दिवशी फाईल उघडली, वयांचा रकाना बघितला आणि ओळखली. दोन रात्री नीट झोप लागली नाही. त्यांना भीती होती ती एवढीच की मी आयोजकांना सांगेन आणि कार्यशाळेतून काढून टाकतील.

दारात चपला वाजायला लागल्या. लोक यायला लागले होते. मी फक्त एवढंच म्हणाले की तुमचं नाव माझ्या तोंडून कुठे जाणार नाही.

दहा वाजता मी पडद्यासमोर उभी राहिले. त्या दिवशी एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज कसा बांधायचा ते शिकवायचं होतं. त्याऐवजी मी सगळ्यांना मूळ फाईल पुन्हा उघडायला सांगितली आणि एक्केचाळीसावी ओळ परत आणवली. म्हणाले, काल मी तुमच्याकडून ही ओळ काढून घेतली, ती माझी चूक होती. हा आकडा खरा आहे, तीनदा मोजलेला आहे. मी हे बारा वर्षं चुकीचं शिकवत आले. मोजणाऱ्याला विचारल्याशिवाय ओळ पुसायची नाही, हा नियम मला माहीत होता आणि मी तो पाळला नाही.

पंधरा ओळींबद्दल मी काही बोलणार नव्हते. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या बाई उभ्या होत्या. त्यांनी जे मला सकाळी सांगितलं होतं ते सगळ्यांना सांगितलं, थोडक्यात, काही न वगळता. मोहाच्या झाडाचंही सांगितलं. सांगून झाल्यावर बसल्या.

मग शारीरिक शिक्षणाचे एक सर होते, दणकट, खेळाडू माणूस, ते बसल्या बसल्याच म्हणाले, "माझ्या प्रश्नावल्यांतल्या तीस मी हॉस्टेलच्या खोलीत बसून भरल्यात. डाव्या हाताने, म्हणजे अक्षर वेगळं दिसेल." कोणी हसलं नाही. त्यानंतर ग्रंथालयाच्या एक बाई बोलल्या, मग आणखी एक जण. कोणी मुलांना वर्गात बसवून उत्तरं सांगितली होती, कोणी एकाच घरातल्या माणसांकडून पाच फॉर्म भरून घेतले होते. सगळेच बोलले असं नाही. एक वाणिज्यचे सर उठले आणि म्हणाले की आम्ही इथे सॉफ्टवेअर शिकायला आलो आहोत, कबुलीजबाब द्यायला नाही, आणि हे सगळं बाहेर गेलं तर कोणाचं भलं होणार आहे? त्यांचं म्हणणं मी खोडून काढलं नाही. ते घाबरले होते, आणि घाबरायला कारण होतं.

कार्यशाळेचे समन्वयक दारात येऊन उभे होते, त्यांनी अर्धं ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेतलं आणि वेळापत्रकावर यावं म्हणून नम्रपणे सुचवलं. दुपारी मी वेळापत्रकावर आले. पण अंदाज बांधायचा तो धडा काही पूर्ण झाला नाही, आणि शेवटच्या दिवशीच्या अभिप्रायात चार-पाच जणांनी तसं लिहिलंही, की अभ्यासक्रम अपुरा राहिला. ते खरंच होतं.

जळगावला परतल्यावर रविवारी मी सरांकडे गेले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. मी सगळं सांगितलं, मुलीचं नाव न घेता. पण त्यांनी लगेच ओळखलं. बराच वेळ चष्म्याची काडी उघडझाप करत राहिले. मग म्हणाले की ते पंधरा फॉर्म एकाच शाईचे आणि एकाच बैठकीतले आहेत हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. तो पाडा रिकामा असणार हेही त्यांना माहीत होतं. महिना चुकीचा निवडला तो त्यांनीच.

"विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. म्हणून मी विचारलं नाही," ते म्हणाले.

'तीनदा मोजले' बद्दल मी विचारलं. तेही त्यांनी वाचलं होतं. रकाना नव्हता म्हणून सोडून दिलं. कागदाचे फॉर्म घर बदलताना रद्दीत गेले. मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, त्या मुलीला सांग, तिचं काम चांगलं होतं, चूक माझी होती. मी तसं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या की आईला सांगते.

पुढच्या उन्हाळ्यात, बरेचसे लोक ऊसतोडीवरून परतल्यावर, मी त्यांच्याबरोबर दोन दिवस पाड्यांवर गेले. मला तसं कारण नव्हतं. बारा वर्षं ज्या बायकांवर शिकवलं त्यांचं गाव तरी बघावं, एवढंच. पिंपळनेरपासून पुढे रस्ता बारीक होत गेला. आता बऱ्याच ठिकाणी सिमेंटची घरं होती, फरशी होती, काटा ठेवायला दगड शोधावा लागला नाही. बाईंनी नवीन फॉर्म केला होता. त्याच्या शेवटी एक मोठा रकाना मोकळा सोडला होता, जे कुठे बसत नाही ते लिहायला. दुसरा रकाना होता 'भेट झाली नाही', आणि त्यापुढे कारण.

त्या एकोणतीस किलोच्या बाईची त्यांनी चौकशी केली. ती जगली होती. नवऱ्याबरोबर गुजरातेत कोणाच्या तरी शेतावर कायमची राहायला गेली होती, कधीतरी होळीला येते, असं शेजारणीने सांगितलं. भेट झाली नाही. तिथल्या बायका काट्याभोवती जमल्या होत्या. एक म्हातारी पुढे येऊन "मालेबी मोज" म्हणायला लागली. तिचं वय पाहणीत बसत नव्हतं. बाईंनी तिला काट्यावर उभं केलं, आकडा तिला मोठ्याने सांगितला आणि मोकळ्या रकान्यात तिच्या समाधानासाठी लिहून घेतला. म्हातारी आकडा पुटपुटत घरी गेली. त्या दिवशी उन्हात आम्ही सात घरांपाशी जाऊन परत आलो. तिथे कुलपं होती. सातही घरांचे फॉर्म त्यांनी उंबऱ्यावर बसून भरले. नाव नाही, वजन नाही, फक्त 'कुलूप' आणि शेजाऱ्याने सांगितलेलं कारण.

त्यांच्या गाईडना हे पटलं नाही. इतके कोरे फॉर्म दिसले तर परीक्षक काम अपुरं म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. दुसरी घरं घेऊन संख्या पुरी करा, म्हणाले. यावर दोघांचं दोन-तीन महिने चाललं. मध्ये एकदा त्या जळगावला माझ्याकडे आल्या, फार थकलेल्या. पीएच.डी. सोडून द्यावी असं मनात आहे म्हणाल्या. तासिका तत्त्वावरची नोकरी, घरी सासूचं आजारपण, रोजचा प्रवास. मी त्यांना मोठं काही सांगू शकले नाही. वांग्याचं भरीत केलं होतं ते वाढलं, आणि जेवण झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून त्यांच्या फाईलमधल्या कोऱ्या ओळींचाच एक वेगळा तक्ता केला. कोणत्या महिन्यात, कोणत्या पाड्यात, किती घरं बंद. माउस त्यांच्या हातात होता. तक्ता तयार झाल्यावर त्या तो बराच वेळ बघत बसल्या. तो त्यांनी गाईडना नेऊन दाखवला आणि त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. गाईडनी ते प्रकरण ठेवू दिलं. मनापासून की कंटाळून, ते मला माहीत नाही.

तोंडी परीक्षा जळगावलाच होती, मी मागच्या खुर्चीवर बसले होते. बाहेरगावहून आलेले परीक्षक वयस्कर होते, बोलायला मऊ. त्यांनी आधी पद्धतीचे दोन प्रश्न विचारले, मग पानं उलटत त्याच प्रकरणावर आले आणि विचारलं की इतकी बंद घरं घेण्यापेक्षा उघडी घरं का नाही घेतली?

बाईंनी साडीचा पदर सारखा केला. "सर, उघडी घरंच घेतली असती तर जे गाव सोडून जात नाहीत तेवढ्याच बायका माझ्या पाहणीत आल्या असत्या. ज्या जातात त्यांचंच मला बघायचं होतं. त्या भेटल्या नाहीत, म्हणून भेटल्या नाहीत असं लिहिलं."

परीक्षकांनी आणखी थोडा वेळ पानं चाळली. मग गाईडकडे बघून म्हणाले की हे प्रकरण वेगळं छापायला हवं. गाईड हसून मान डोलवत होते, जणू कल्पना त्यांचीच होती. मला त्यांचा राग आला नाही. बाईंनाही आला नसावा, कारण नंतर त्यांनीच गाईडना वाकून नमस्कार केला आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला.

संध्याकाळी आम्ही स्टँडवर गेलो. धुळ्याची गाडी लागायला वेळ होता. त्यांनी आईला फोन लावला, त्यांच्या बोलीत भराभर काहीतरी सांगितलं, मधेच फोन माझ्या हातात दिला. पलीकडून काय म्हणत होत्या ते मला नीट कळलं नाही. मी हो, हो म्हणत राहिले. मग गाडी आली. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली, प्रबंधाची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. पुढच्या महिन्यात पिंपळनेरला कॉलेजच्या मुलींसाठी त्या दोन दिवसांची कार्यशाळा घेणार होत्या, स्वतःच्या फाईलवर. माझे एक्स्टेन्शन बोर्ड मिळतील का, असं खिडकीतून विचारत होत्या. मी दोन्ही देते म्हणाले.